माझ्या कादंबरीतली लढाई

परग्रहावरच्या लोकांची कादंबरी मी सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहात, पदार्थविज्ञानाच्या जुन्या जर्नलमध्ये लिहिली. त्या वह्यांना एक पान रेघांचं असतं आणि समोरचं कोरं, आकृत्या काढायला. रेघांच्या पानांवर भिंगांचे आणि लंबकांचे प्रयोग होते, बाईंची लाल सही झालेले. कोऱ्या पानांवर आमच्या माणदेशातल्या माळावर आकाशातून एक यान उतरलं होतं. वर्ष संपलं की मैत्रिणी ती जर्नलं रद्दीत टाकत, आणि इतकी चांगली पानं वाया जातात याची मला हळहळ वाटे. मी सगळ्यांची मागून घेतली. वाचनालयात विज्ञानकथांचं एक कपाट होतं, ते मी पहिल्या वर्षातच संपवलं होतं. त्या गोष्टींत परग्रहवासी उतरत ते मुंबईत, नाहीतर परदेशात. आमच्या दुष्काळी माळावर उतरायला एवढी मोकळी जागा असताना तिथं कुणीच उतरत नव्हतं. म्हणून मी उतरवलं.

‘घर’ हा शब्द लिहिताना मला अजूनही जरा थांबावं लागतं. म्हसवडच्या पुढं आमच्या दगडमातीच्या दोन खोल्या होत्या, पण त्यांत आम्ही पावसाळ्यापुरते राहत असू. दसरा झाला की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठी निघत. घोड्यावर सगळं बिऱ्हाड असे: पातेली, घोंगडी, मेंढरांभोवती उभं करायचं जाळं, आणि त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. लहानपणी मीही त्या कोकरांच्या शेजारी बसून सातारा जिल्हा पाहिला आहे. ज्या शेतकऱ्याला लेंडीखत हवं त्याच्या रानात मेंढरं बसवायची, चार दिवसांनी पुढचं रान. सकाळी चारणीला गेलेली मेंढरं परत आली की कोकरं सुटत, आणि मग जो कल्लोळ उठे तो ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. शेकडो आया आणि शेकडो पोरं एकमेकांना हाका मारतात, आणि एकही आई चुकत नाही. थोड्या वेळात सगळं शांत होतं, फक्त दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज. आई तेवढ्यात तीन दगडांवर माडगं ठेवायची. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं आणि मीठ. सोबत बाजरीची भाकरी. आणि मेंढीच्या दुधाचा चहा, इतका दाट की पेल्याच्या कडेला त्याची साय धरायची. आता मला डॉक्टरांनी बिनदुधाचा चहा सांगितला आहे. मी तो पिते, पण त्याला चहा म्हणत नाही.

मला सातवं लागलं तेव्हा आबांनी मला गावात आत्याकडे ठेवलं आणि शाळेत घातलं. भावकीतल्या लोकांनी नावं ठेवली. पोरगी शिकवून मेंढरं कोण वळणार, असं एक जण म्हणाला. आबांनी त्याला उत्तर दिलं नाही. ते कुणालाच सहसा उत्तर देत नसत, आणि तरुणपणी मला हा त्यांचा मोठा दोष वाटायचा.

वाईला घाटाजवळ एका गृहस्थांचा लहानसा छापखाना होता. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते वर्षाला चार-पाच पुस्तकं काढायचे. आमच्या मराठीच्या बाईंनी माझी चार प्रकरणं त्यांना पाठवली, आणि तात्यांचं पत्र आलं. भाषा चांगली आहे, म्हणाले, आणि लढाईचं प्रकरण तर झकास. नाताळच्या सुट्टीनंतर सगळी कादंबरी घेऊन या. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आमच्या घराण्यात लिहिता येणारी मी पहिली, आणि माझं पुस्तक निघणार होतं.

त्या कादंबरीत उतरलेले लोक उंच आणि राखाडी होते. गावचा पाटील त्यांना समजावतो, ते ऐकत नाहीत, पाणी तोडतात, आणि शेवटी गावकरी पेटतात आणि त्यांना यानासकट पळवून लावतात. लढाई अठरा पानांची होती. मला ती फार आवडायची.

सुट्टी लागली तशी मी तळावर गेले. आता आमच्या लोकांच्या हातात मोबाईल आहेत आणि तळ कुठं पडलाय ते नकाशावर येतं. तेव्हा कऱ्हाडच्या स्टँडबाहेर एका चहाच्या टपरीवर निरोप असायचा, आणि तिथून चालत, माणसांना विचारत जायचं. आबांचा तळ नदीच्या अलीकडच्या एका गावात होता. ज्याच्या रानात मेंढरं बसवली होती तो शेतकरी लग्नाला परगावी गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढरं बाभळींच्या सावलीला बसली तेव्हा मी वह्या काढल्या आणि आईआबांना कादंबरी वाचून दाखवली. आई लोकर कातत होती. आबा टेकून बसले होते, डोळे मिटून, पण झोपलेले नव्हते. मध्येच एखादं मेंढरू उठलं तर त्यांचा हात काठीकडे जायचा. लढाईचं शेवटचं पान मी जरा चढ्या आवाजात वाचलं आणि थांबले. 

“ह्यांची लेकरं कुठं हायती?” आबांनी विचारलं.

“कुणाची?”

“ती उतरल्याली.”

“आबा, ती परग्रहावरची हायती. त्यांच्यात लेकरं न्हाईत.”

“लेकरं न्हाईत, म्हातारी न्हाईत. मग एवढ्या लांब आली कशापायी?”

“आन् सैपाक कोण करतंय त्यांचा?” आईनं चाती न थांबवता विचारलं.

मला राग आला. “ती आपल्यासारखी नसत्यात,” मी म्हणाले.

आबांनी डोळे उघडले. “आपल्यासारखी म्हंजी कुणासारखी गं, सगुणे? आपून बिऱ्हाड घिऊन गावाच्या शिवंत शिरतो, तवा गाव आपल्याकडं कसं बघतंय? आभाळातनं पडल्यागत बघतंय. तू ही गोष्ट पाटलाच्या ओसरीवर बसून लिवलीयास. तुला तितं कुनी बसवली?”

मी वह्या आवरल्या. कॉलेजात शिकलेल्या मुलीला न शिकलेल्या माणसानं असं काही सांगितलं की तिला काय वाटतं ते मी आता छान समजू शकते, कारण मी पुढं तीस वर्षं अशाच मुलींना शिकवलं. त्या संध्याकाळी जाळं उभं करताना माझ्या वाट्याला उगवतीची बाजू होती. मी घुश्शात होते. मेखा ठोकल्या खऱ्या, पण शेवटच्या दोन नुसत्या टेकवल्यासारख्या रोवल्या.

सकाळी उजाडताना मेंढरं सुटली. फार नाही, आठ-दहा. शेजारच्या रानात हरभरा होता, वीतभर आलेला, तो त्यांनी खुडला. आबांनी ती हाकून परत आणली तोवर त्या हरभऱ्याचे मालक शामराव दोन भावांना घेऊन बांधापाशी येऊन उभे होते.

“कुनी सोडली रं मेंढरं?” शामराव म्हणाले.

आईनं तांब्या भरून पाणी पुढं केलं. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. एका भावानं आमच्या घोड्याची दोरी धरली. आबा काही बोलायच्या आत मी पुढं झाले. माझ्या अंगावर वसतिगृहातला पंजाबी ड्रेस होता आणि तोंडात वर्गातली भाषा.

“आपला काहीतरी गैरसमज झालेला आहे,” मी म्हणाले. “आमची मेंढरं जाळ्यातच होती. पुराव्याशिवाय असा आरोप करणं योग्य नाही.”

ते तिघंही माझ्याकडे बघत राहिले. धनगराच्या तळावरून अशी भाषा येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मला क्षणभर वाटलं, जिंकले.

“ही कोण?” शामरावांनी आबांना विचारलं.

“लेक हाय. सांगलीला शिकती.”

“मंग आमाला कायदा शिकिवती व्हय? बोलवा रं सरपंचाला. आजच्या आज ह्यांना शिवंच्या भाईर काढायचं. घोडं ऱ्हाऊ द्या हितंच.”

हंगामाच्या मध्यात असं काढलं गेलं की पुढची गावंही दारात उभं करत नाहीत. गाभण मेंढ्या, चालता न येणारी कोकरं, आणि घोडं त्यांच्या हातात. आईचा चेहरा मला आठवतो. माझ्या तीन वाक्यांनी हे झालं होतं, आणि ती तिन्ही वाक्यं शुद्ध मराठीत होती.

“सगुणे, मागं सर,” आबा म्हणाले.

त्यांनी हातातली काठी आमच्या बाजूला जमिनीवर ठेवली. रिकाम्या हातांनी बांधापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. पलीकडे पाय टाकला नाही.

“शामराव, तुमचं खरं हाय,” ते म्हणाले. “आमचीच मेंढरं शिरली. जाळं आमचंच सुटल्यालं. लेकरू बोललं ते सोडून द्या. आता तुमी सांगाल तसं.” आणि ते बांधावर खाली बसले.

मला त्या क्षणी माझ्या बापाची लाज वाटली. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, पण लिहिणं भाग आहे. आबा काय करत होते ते मला तेव्हा समजलंच नाही. शामराव आणखी थोडा वेळ ओरडले. पण समोरचा माणूस खाली बसलेला, सगळं कबूल केलेला. त्यांचा आवाज हळूहळू कमी झाला, मग तेही उकिडवे बसले. भावानं घोड्याची दोरी सोडली नव्हती, पण सैल धरली होती. मग शामराव म्हणाले, “चला, बघा तरी काय केलंया ते.” तेव्हा आबांनी बांध ओलांडला. मीही मागोमाग गेले.

दोघं ओळींमधून चालले. शामराव वाकले, एक रोप हाताळलं, दुसरं हाताळलं. पुष्कळ वेळानं म्हणाले, “शेंडंच गेल्यात. मुळं उपटली न्हाईत. हरबरा हाय, फुटवा धरल.”

आबा फक्त “व्हय” म्हणाले.

हरभऱ्याचा शेंडा खुडला की तो जास्त फुटतो हे आबांना माहीत होतं. आयुष्यभर शेताशेतांतून फिरलेल्या माणसाला ते माहीत नसेल का? परत येताना मी विचारलं, मग आधीच का नाही सांगितलं?

“त्येचं रान हाय,” आबा म्हणाले. “ते त्येनं म्हनायचं. मी म्हनलं असतं तर खोटं झालं असतं.”

ठरलं ते असं, की भरपाई म्हणून शामरावांच्या वरच्या पडीक रानात आमची मेंढरं खतासाठी आठ दिवस फुकट बसतील. तिथं दुसऱ्या दिवशी शामरावांची बायको टोपलीत भाकरी आणि ठेचा घेऊन आली. तिनं टोपली बांधावर ठेवली, चार पावलं मागं गेली आणि आम्ही उचलेपर्यंत बघत उभी राहिली. आईनं संध्याकाळी तीच टोपली घासूनपुसून, आत चरवीत दूध ठेवून, त्याच जागी नेऊन ठेवली. असं तीन दिवस. दोघी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बाईनं टोपली आईच्या हातात दिली आणि विचारलं, “ह्या दुदाचा च्या कसा करत्यात? माजा फाटतुया.” आईनं सांगितलं. निघायच्या दिवशी शामराव मात्र निरोप द्यायला आले नाहीत. त्यांची आणि आबांची मैत्री वगैरे कधी झाली नाही. पण दुसऱ्या वर्षी आमच्या तळावर त्यांचा निरोप आला, या वर्षी मेंढरं आमच्याकडे बसवा.

सांगलीला परतण्याआधी मी आबांना मेखांचं सांगितलं.

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “मेखा बघितल्या मी.”

“मग त्यांच्यासमोर बोलला का न्हाई?”

“तुज्याव ढकलून काय मिळालं असतं?” ते म्हणाले, आणि घोड्याचा पट्टा आवळायला लागले.

वसतिगृहात येऊन मी लढाई काढून टाकली. अठरा पानं फाडली, आणि त्याबरोबर जवळजवळ सगळंच गेलं, कारण बाकीचं सगळं त्या लढाईकडे चाललं होतं. नवी कादंबरी मी उतरलेल्यांच्या बाजूनं लिहिली. त्यांच्याकडे म्हातारी होती, तान्ही होती, वाटेत जन्मलेली होती. माणसांची भाषा सगळ्यांत चांगली बोलणारी त्यांच्यातली एक मुलगी होती, आणि पहिली बोलणी मोडली ती तिच्या त्या चांगल्या भाषेमुळेच. पुढची तीन वर्षं ओढ्याच्या अलीकडे ते आणि पलीकडे माणसं. मधल्या दगडावर काय ठेवायचं, किती मागं सरायचं, कुणी आधी बोलायचं, हे दोन्हीकडे हळूहळू, चुकत चुकत ठरत जातं. कादंबरी संपते तेव्हाही ते मित्र झालेले नसतात. फक्त दोन्हीकडची पोरं एका पाणवठ्यावर येतात आणि त्यांना कुणी हाकलत नाही. दोन महिन्यांत लिहून झाली. त्या दोन महिन्यांत मी वर्गात होते असं हजेरीपटावर दिसतं.

वह्या घेऊन मी वाईला गेले. छापखान्यात शाईचा आणि ओल्या कागदाचा वास भरला होता. तात्यांनी चष्मा लावला, पानं उलटत गेले, पुढे गेले, मागे आले.

“लढाई कुठं आहे?”

“काढली.”

“तिच्यावर तर मी हो म्हटलं होतं. का काढली?”

“तशी लढाई माझ्या ओळखीत कुणी केलेली नाही,” मी म्हणाले.

तात्यांनी चष्मा काढला. ते चांगले गृहस्थ होते, हे मी आजही सांगितलं पाहिजे. त्यांनी मला चहा मागवला आणि शांतपणे समजावलं. “मुली, वाचक याला विज्ञानकथा म्हणणार नाहीत. हे तुमचे धनगर आहेत, दुसऱ्या ग्रहावरून आलेले.”

“आहेत,” मी म्हणाले.

“लढाई परत घाल. पुढच्या महिन्यात छापायला घेतो.”

मी त्या वह्या परत पिशवीत भरल्या.  एकोणीस वर्षांची होते, पुस्तक निघणार म्हणून सगळ्या वसतिगृहाला सांगून ठेवलं होतं, आणि रिकाम्या हातानं परत जाऊन काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. तरी त्या छापखान्याच्या उंबऱ्यावर मला जितकं ताठ उभं राहता आलं तितकं नंतर फार क्वचित आलं. मी पायऱ्या उतरत असताना तात्या मागून म्हणाले, “वह्या ठेवून जा. घरी वाचतो.”

पाच आठवड्यांनी कार्ड आलं. अक्षर घाईचं होतं. ‘वाचली. नंतर घरातल्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. छापतो आहे. लढाई नको.’

पुस्तक निघालं, लहानसं, पातळ पुठ्ठ्याचं. त्याच्या प्रकाशनाला सांगलीत एका सभागृहात चांगलं बोललं गेलं. कल्पनाशक्तीचं कौतुक झालं, आणि कल्पना फारशी कुठं केलीच नव्हती हे मी काही सांगितलं नाही. आबा त्या कार्यक्रमाला आले नाहीत, मेंढरं सोडून येता येत नव्हतं. पण पावसाळ्याआधी बिरोबाच्या जत्रेला सगळी भावकी जमली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं, झाडाखाली घोंगडी अंथरली आणि चाळीस-पन्नास माणसं गोळा करून म्हणाले, “वाच.” मी दोन दुपारी वाचलं. बायका लोकर कातत होत्या, पुरुष तंबाखू मळत होते, ओव्या गाणारा एक म्हातारा अगदी समोर बसला होता आणि मध्येच “हां” म्हणत होता. पोरगी शिकवून मेंढरं कोण वळणार म्हणणारा तो भाऊबंदही होता. संपल्यावर आबा उठले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, आणि ते उघडायला येत नसल्यासारखं दोन्ही तळव्यांवर धरून सगळ्यांना एकेकाला दाखवत फिरले. एवढंच. माझ्या नावाचा त्यांनी उच्चारही केला नाही.

त्याला बरीच वर्षं झाली तेव्हाची एक गोष्ट. आबा गेले होते, मी सांगलीला शिकवत होते. एका लग्नाहून येताना फलटणच्या पुढं आमची गाडी बंद पडली. ऊस तुटून गेलेल्या एका रानात तळ दिसला, म्हणून जुन्या सवयीनं मी तिकडे गेले. पुरुष मेंढरांमागे गेले होते. एक तरुण बाई कोकरांपाशी बसली होती. मी बांधावर थांबले. ती म्हणाली, “या की आत,” तेव्हा गेले. तिनं चहा टाकला. माझी साडी, पर्स, चष्मा बघून तिला मी कोण ते ओळखता येणं शक्य नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. बोलता बोलता मी म्हणाले, अनोळखी गावात जायचं म्हणजे भीती वाटत असेल.

“वाटती की,” ती म्हणाली. “पर आमच्यात एक गोष्ट सांगत्यात. माजी सासू सांगायची. लय आदी आभाळातनं मानसं उतरल्याली, बायकापोरं घिऊन. गाव त्यांना जवळ करीना, आन् ती बी गावाला भीत हुती. मदी वढा हुता.”

“कुणी लिहिलीय ती गोष्ट?” मी विचारलं.

ती हसली. “लिवायला कोण बसलंय बाई? आमच्याच मानसांची हाय ती. लय जुनी.”

चहा दाट होता. मी पेला दोन्ही हातांत धरला.

“मग पुढं काय झालं?” मी म्हणाले.

ती सांगू लागली. तिच्या गोष्टीत उतरलेल्यांबरोबर कुत्री होती आणि एक घोडाही होता, जे मला सुचलं नव्हतं. ड्रायव्हर रस्त्यावरून गाडी चालू झाल्याची हाक देत होता. मी त्याला हातानं थांबायची खूण केली आणि गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.